कुसुमचा कापूस आणि माझं हवेचं घड्याळ

ऐन मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात निघालेल्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. लग्न कुणाचं, नाहीतर गेलं कोण. माझं कारण तिसरंच होतं. माझी मैत्रीण कुसुम गेली कित्येक वर्षं "ये ना वं एकदा" म्हणून बोलावत होती, आणि मला आता कुठूनच बोलावणी येत नव्हती. म्हटलं, हिचं तरी मान्य करावं.

घड्याळाचं आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून सांगलीत जो तो माझ्या मनगटाकडे बघून तेच विचारतो. बँकेत असताना आमचा डोंगर चढणाऱ्यांचा एक गट होता. त्यात कुणी ना कुणी आभाळाकडे बघून "चला, उतरू" म्हणायचंच. पुढे कुणाला गुडघ्यांनी धरलं, कुणाला नातवंडांनी, आणि गट संपला. मला ना नातवंडं ना गुडघेदुखी, त्यामुळे मी एकटीच उरले. "चला, उतरू" म्हणणारं कुणीतरी मनगटावर असावं, म्हणून मी हवेचा दाब दाखवणारं घड्याळ शोधायला निघाले.

महागडी घड्याळं उपग्रहाशी बोलतात, नकाशे दाखवतात आणि रोज जेवायला मागितल्यासारखी चार्जिंग मागतात. ती मी बाजूला ठेवली. मला चष्म्याशिवाय दिसतील असे मोठे आकडे हवे होते. बटणं घामेजल्या बोटांनीही दाबता यायला हवी होती, आणि सेल कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारा हवा होता. पट्टा तुटला तर दुसरा साधा पट्टा बसला पाहिजे, हेही मी बघून घेतलं. दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, हे जेन्ट्सचं आहे." मी म्हटलं, "मनगट माझं आहे, तुम्ही बिल करा."

शेगाव

शेगावला उतरल्यावर सगळी गर्दी महाराजांच्या मंदिराकडे वळली आणि मी फलाटाच्या टोकाला, गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीकडे. या पाटीवर खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घड्याळाला ती सांगावी लागते. त्याला स्वतःला फक्त हवेचं ओझं कळतं. ओझं कमी झालं तर आपण डोंगर चढलो की हवा पालटली, हे त्याचं त्याला ठरवता येत नाही. म्हणून ओळखीच्या उंचीची जागा दिसली, की तिथे थांबून आकडा नीट लावून घ्यायचा.

बटणं दाबत उभी राहिले तर एक हमाल जवळ आला. "कोनाची वाट पाहून राह्यल्या, बाई?"

"कुणाची नाही. घड्याळ लावतेय."

त्यानं वळून फलाटावरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं. "टाइम तं तिकडे दिसते."

 मी हो म्हटलं, स्टेशनाबाहेर कचोरी खाल्ली आणि एसटीत बसले. कचोरी झकास होती. एवढं बोलायलाही शेजारी कुणी नव्हतं, हे मात्र जाणवलं. चांगलं काही खाल्लं की माणूस आपोआप शेजारी बघतो.

कुसुमचं गाव

जळगाव जामोदच्या स्टँडवर कुसुम डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. मामाच्या नोकरीमुळे ती लहानपणी दोन वर्षं सांगलीला होती, तेव्हापासूनची ही मैत्री. मग लग्न होऊन ती आपल्याच मुलखात परत आली. नवरा शाळामास्तर. ते वारल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा प्रशांत पुण्यात असतो. चार एकराचं शेत कुसुम स्वतः मजूर लावून बघते. बीटीचं बियाणं आलं त्या पहिल्या वर्षांत कापूस असा फुटला, की गावात घरांवर नवी टिनं पडली, मोटरसायकली आल्या. पुढे रस शोषणारी कीड आली, पानं लाल पाडणारा लाल्या आला, आणि बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीबरोबर फवारणीचा खर्चही चढत गेला. तिच्या गल्लीत एक बंद घर होतं. त्याच्यासमोरून जाताना कुसुम पदर पुढे ओढून खाली बघत चालायची. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तिच्या घराचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले. समोरची मोठी खोली जमिनीपासून छताच्या टिनापर्यंत कापसानं भरली होती. दाराजवळ एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा, तिथे स्टुलावर फोन, आणि बाकी सगळा कापूस.

"हे काय गं?"

"भाव नाई," कुसुम म्हणाली. "सगळ्याइच्याच घरी हाय. कोनी इकून नाई राह्यलं."

आमच्याकडे ऊस तोडला की त्याच दिवशी कारखान्याच्या वाटेला लागतो. ऊस घरात ठेवून त्याच्याबरोबर कुणी राहत नाही. इथे माणसं हिवाळ्यात वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरात भरतात आणि स्वतः अंगणात बाजा टाकून झोपतात. कापसात राहिलं की अंगाला खाज सुटते. पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातांवर बारीक पुरळ उठलं. कुसुमनं खोबरेल तेलाची बाटली आणली आणि माझे हात कोपरापर्यंत चोळून दिले. माझ्या हाताला कुणी तेल लावलं, त्याला किती वर्षं झाली असतील, मला आठवेना. मी उगाच दुसरीकडे बघत राहिले.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कुसुम पोट धरून हसली. तेवढ्यात आतून फोनची घंटा वाजली. कापसामुळे ती उशीखालून आल्यासारखी ऐकू येत होती.

"हाव, जेवली मी," कुसुम फोनवर म्हणाली. "कापूस? नाई रे बाप्पा. भाव कुठी हाय अजून. इकला का येतेच ना मी. सांगतलं ना तुले, कापूस इकला का पुन्याले येते."

रोज याच वेळी मुलाचा फोन येतो आणि रोज हेच बोलणं होतं, असं ती म्हणाली. मुलानं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे. मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करते. माझं काय विकलं, काय राहिलं, हे विचारणारं कुणी नाही.

म्हसोबाची टेकडी

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईलभाई आले. हे गावोगाव फिरून कापूस घेतात. स्वतःचा टेम्पो आहे. कुसुमच्या मास्तरांचे ते विद्यार्थी, त्यामुळे तिला भाभी म्हणत असले तरी तिच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याकडे त्यांची फेरी होती. आम्ही दोघी टेम्पोतून निघालो. वरच्या टेकडीवर म्हसोबाचं ठाणं आहे, तिथपर्यंत चढायचं ठरलं. इस्माईलभाई खाली टेम्पोच्या सावलीत थांबले.

पळसाची पानं करपली होती आणि दगड तव्यासारखे तापले होते. वर पोहोचून मी घड्याळ बघितलं तर तासातासाचा दाब दाखवणारी काचेखालची रेघ धाडकन खाली आलेली. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळानं मला काहीतरी सांगितलं होतं. आनंदात मी कुसुमला म्हटलं, "पाऊस येणार! वादळ! लगेच उतरू." आम्ही धावतपळत उतरलो. मी इस्माईलभाईंना टेम्पोवर ताडपत्री टाकायला लावली, वाटेत भेटलेल्या दोघा गुराख्यांनाही सांगितलं. खाली उतरताच रेघ मुकाट्यानं पुन्हा वर गेली. आभाळात चिमणीएवढा ढग नव्हता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पाऊस पडणार नव्हता, मी डोंगर चढले होते. शेगावच्या पाटीखाली उभं राहून जे स्वतःलाच समजावलं होतं, तेच विसरले. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, "मास्तरच्या घरी आलेल्या बाईच्या घड्याळात टेकडी चढली का पानी येते."

इस्माईलभाई तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "इथी आखाजीले, अक्षय तृतीयेले, घट मांडतेत, बाजूच्या गावात. रातभर धान्य ठेवतेत, सकाळी पाहून सांगतेत, साल कसं जाइन. तिथी हजारो लोक जातेत. त्याइच्यातलं आधं आपल्याले पाह्यजे तसं लक्षात ठेवतेत. तुमचं एक घड्याळ, बाई. त्याले काऊन हसाव?"

"मांडणीत कापसाले तेजी सांगतली," कुसुम म्हणाली.

"भाभी, मी भी तिथीच होतो," इस्माईलभाई म्हणाले आणि चहाचा कप विसळायला उठले.

बाजेवरचा अभ्यास

त्यानंतर मी डोंगराचं नाव काढलं नाही. कडुनिंबाखाली बाजेवर बसून एकाच जागेवरून घड्याळ बघायचं ठरवलं. जागा बदलली नाही, तर जे बदलेल ते हवेचंच असणार. त्यातून एक मजेची गोष्ट कळली. हवा रोज सकाळी दहाच्या सुमाराला भरात असते आणि दुपारी चारपर्यंत उतरत जाते. संध्याकाळी पुन्हा सावरते. काहीही होणार नसलं तरी हे रोज होतं. म्हणजे दुपारी रेघ खाली गेली म्हणून घाबरायचं नाही. संध्याकाळी ती वर आली नाही, किंवा सकाळीच उतरू लागली, तर मात्र बघायचं.

दुपारी एकदा घड्याळ ओट्यावर उन्हात राहिलं आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.  माठाशेजारी सावलीत ठेवलं तेव्हा आकडे हळूहळू परत आले. असलं घड्याळ घेणार असाल तर उन्हात कधी ठेवू नका. तापमान बघायचं तर हातातून काढून थोडा वेळ तसंच राहू द्या, नाहीतर ते तुमच्याच अंगाचा ताप सांगतं. सेल बदलाल तेव्हा पाठीमागची पाणी अडवणारी रबरी कडीही बदलून घ्या, दुकानदार नको म्हणाला तरी.

असे दिवस जात होते. कुसुम कामात असली की घर फार शांत व्हायचं. त्या भरलेल्या खोलीत आवाज शिरला की बाहेर येत नाही. मला ती शांतता माझ्या सांगलीच्या फ्लॅटपेक्षा बरी वाटायला लागली होती.

वावधन

मग एका सकाळी दिसलं की दाबाची रेघ आदल्या दुपारपासून सरळ, पाटीवर पट्टीनं ओढावी तशी. दुपारची उतरण नाही, सकाळची चढण नाही. हवा अशी कधी थांबत नाही. घड्याळ काढून कडेला बघितलं. तिथे हवा आत जायची दोन बारीक भोकं असतात. खोबरेल तेल आणि कापसाची तूस मिळून त्यांत घट्ट बूच बसलं होतं.

टाचणी घालायचा मोह झाला, तो आवरला. आतला पडदा फाटला की घड्याळाचा खेळ खलास. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकला, मऊ ब्रशानं हलकेच पुसून काढलं, बटणाला हात न लावता धुतलं आणि फडक्यावर उलटं ठेवलं. थोड्या वेळानं बघते तर रेघ तुटून खाली पडलेली. रोजच्या दुपारी असायची, त्याच्याही खाली. आणि ही सकाळ होती. मी टेकडीवर नव्हते, बाजेवर होते.

दुधानं तोंड पोळलेलं होतं, त्यामुळे मी ताक चांगलंच फुंकलं. दोनदा घड्याळ काढलं, दोनदा घातलं. रेघ आणखी उतरली. तेव्हा कुसुमकडे गेले.

"डोंगर चढलीस का?" ती भांडी घासता घासता म्हणाली.

"नाही गं. खरंच येतंय काहीतरी. तुझं ते कोपऱ्यातलं टिन सुटलेलं आहे. खाली कापूस आहे."

"येऊ दे."

"भिजेल."

"भिजला तं भिजला."

मला राग आला. म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? भाव तर आता पडत चाललाय, इस्माईलभाई कालच म्हणाले. तुला तो विकायचाच नाही."

कुसुमनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "नाई इकायचा," ती म्हणाली. "इकला का पुन्याले जावं लागते."

मग ती बोलली. सून चांगली आहे. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. सून हसून म्हणते, आई, 'मले' नका म्हणू, 'मला' म्हणा, मुलं तसंच शिकतात. मग कुसुमनं मागच्या खेपेला बोलणंच कमी केलं. सहाव्या मजल्यावर दिवसभर तोंड मिटून बसायची. नातू एकदा बापाला म्हणाला, आजीला बोलता येत नाही का?

"इथी घरात कोनी नाई," कुसुम म्हणाली, "पन कापसाशी तं बोलते मी. त्याले सारं समजते." आणि ती हसली. मला हसू आलं नाही.

 घड्याळ घेतलं तेव्हा ते मला डोंगरावरून खाली आणेल एवढंच ठरलं होतं. ते कुणाला घराबाहेर काढेल, असं मनातही नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कापूस गेला असता. मी बोलले होते, तर कुसुम जाणार होती.

ती उठली आणि खोलीच्या दारात गेली. कापसात कोपरापर्यंत हात घालून थोडा वेळ उभी राहिली. "बायाइनं थंडीत कंबरा मोडून येचला," ती म्हणाली. "मीबी होतीच त्याइच्यासंगं. कुजवू कशी? बलाव इस्माईलभाईले."

इस्माईलभाईंनी आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टेम्पो दाराशी लावला. चादरींत कापसाची गाठोडी बांधायला शेजारच्या बायाही धावल्या. मीही टेम्पोत चढून कापूस पायांनी तुडवला. साठी उलटलेल्या बाईनं कमरेइतक्या कापसात उड्या माराव्यात, याचं त्या घाईतही सगळ्यांना हसू येत होतं. कुसुम तेवढी हसत नव्हती. शेवटचं गाठोडं तिनं स्वतः आणून दिलं. ताडपत्रीची दोरी आवळताना इस्माईलभाई म्हणाले, "भाभी, माल चांगला हाय. मास्तर असते तं खुश झाले असते."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि दुपार अंधारून आली. आधी वारा आला. कुसुम त्याला वावधन म्हणते. त्यानं अंगणातली बाज फरफटत भिंतीला नेऊन आपटली. मग गारांसकट पाऊस. कोपऱ्यातलं टिन उचललं गेलं आणि रिकाम्या खोलीत पाणी धबाधबा कोसळू लागलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरून बसलो होतो. माझं घड्याळ खरं ठरलं होतं आणि मला त्याचा जराही अभिमान वाटत नव्हता.

निघण्याचा दिवस

सकाळी कुसुमनं खोलीतलं पाणी झाडून काढलं. उडालेल्या टिनाच्या जागेतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता. ती खोली एवढी मोठी असेल, असं मला वाटलं नव्हतं. माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. कुसुम भिंतीला टेकून बसली होती.

"आता काय सांगू त्याले?" ती म्हणाली.

वादळात रात्रभर बंद असलेला फोन वाजला. या वेळी इतक्या मोठ्यानं, की दोघी दचकलो.

"हाव, आलं होतं वावधन," कुसुम म्हणाली. "नाई रे, कापसाले काईच नाई झालं. एक बोंड नाई भिजलं." ते खरंच होतं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि ती थांबली. उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिली. "भाव कुठी हाय अजून," ती म्हणाली.

प्रशांतला खरं वाटलं नसावं. त्यानं मला फोन द्यायला सांगितला. "मावशी, तुम्ही तरी खरं सांगा. आई रोज हेच म्हणते. कापूस आहे का अजून? तिचं तिकीट काढायचंय मला."

मी चाळीस वर्षं बँकेत होते. नाही ते आहे असं मी कधी सांगितलं नव्हतं. कुसुम माझ्याकडे बघत नव्हती, पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"आहे रे," मी म्हटलं. "टिनापर्यंत आहे. दारात उभं राहायला जागा नाही."

"मावशी, तुमचा आवाज घुमतोय."

मी वळून रिकाम्या खोलीकडे बघितलं. कुसुम उठली, तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडाशी पदर धरून म्हणाली, "लाइन बिघडली रे वावधनानं. ठेव आता."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघी, माझ्या एसटीची वेळ होईपर्यंत, त्या रिकाम्या खोलीत अगदी हळू आवाजात बोलत राहिलो. पुण्यापर्यंत ऐकू जाईल म्हणून.